कवळीताईचा होकार

“मी नाही म्हटलंय का?”

“हो तरी कुठे म्हटलंयस?”

“विचार करते, असं म्हटलंय.”

“अगं, आठवडा झाला! एवढ्या दिवसांत माझ्याकडची सगळ्यात घाबरट बाईसुद्धा गाडी मागे घ्यायला शिकते.”

“मग तिलाच न्या शहरात. सामानाची गाडी मागे घ्यायला उपयोगी पडेल.”

मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, स्वयंपाकघराची फरशी होती. पण इतकी वर्षं गाडी शिकवताना शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांच्या पायाला ती खोडच लागली होती. समोरचं माणूस आवरेनासं झालं की पाय आपोआप खाली जायचा. लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात तिला वाटलं होतं, नवरा पाय आपटतोय, काय हा तोरा! पुढे कळलं, बिचारा गाडी थांबवतोय.

ती सिंकपाशी उभी राहून कप विसळत होती. मघापासून तोच एक कप. संध्याकाळी फोन येणार होता. शहरातल्या दातांच्या लॅबच्या बाई फार गोड बोलल्या होत्या, पण एकदम सरळ बोलल्या होत्या. “शुक्रवारी संध्याकाळी मी फोन करीन. हो म्हणालात तर जागा तुमची. नाही म्हणालात तर दुसऱ्या एक बाई थांबल्यात.” आज शुक्रवार होता, आणि खिडकीतलं ऊन ओट्यावरून उतरून डब्यांच्या फळीपर्यंत पोचलं होतं.

गावात तिला सगळे कवळीताई म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथेच ते सुखी होतं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तिचं टेबल होतं. प्लास्टरने पांढरं झालेलं, मेणाच्या थेंबांनी खडबडीत झालेलं, आणि त्यावर जबड्यांचे साचे. कुणी नवखं माणूस चुकून त्या खोलीत शिरलं तर दचकायचं. ती म्हणायची, “घाबरू नका, सगळे ओळखीचे आहेत.”

ती इथे आली होती ती पेशंटना नंबरप्रमाणे आत सोडायला. साचे करणारा माणूस एक दिवस न सांगता सवरता निघून गेला, डॉक्टरबाई डोक्याला हात लावून बसल्या, आणि ही म्हणाली, “मी बघू का? रोज बघतेच आहे.” पहिली कवळी केली ती एका चिकट म्हाताऱ्याची. तो रोज यायचा. आज इथे टोचतंय, उद्या तिथे घासतंय. जुना फोटो घेऊन आला नि म्हणाला, “पोरी, मला माझे दात हवेत. जाहिरातीतले नकोत.” फोटोत त्याचा वरचा, डावीकडचा, पुढचा दात जरासा आत वळलेला होता. तिने तसाच वळवून बसवला. म्हाताऱ्याने आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि जाताना विचारलं, “तुझं लग्नाचं काय ठरलंय?” दात बसवायला आलेला माणूस सून ठरवून गेला. डॉक्टरबाई ही गोष्ट प्रत्येक पेशंटला सांगायच्या, त्याचं तोंड उघडं असताना, म्हणजे त्याला मध्ये बोलता येऊ नये.

तेव्हापासून तिची कामाची रीत ठरून गेली. आधी माणसाशी गप्पा. मग जुना फोटो. मग मेणात दात बसवून ते तोंडात घालायला द्यायचे आणि म्हणायचं, “साठ ते सत्तर मोजा.” ती डोळे मिटून ऐकायची. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... दात मिलिमीटरभर पुढे असला तर प्रत्येक आकड्याला शीळ वाजायची. मग परत सुरी गरम करायची, मेण मऊ करायचं, दात सरकवायचा. सदुसष्ट-अडुसष्ट बिनबोभाट पार पडले की काम झालं. गावातली अर्धी म्हातारी माणसं तिने अशी मोजायला बसवली होती.

आणि आता डॉक्टरबाई दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. महिनाअखेर जागा रिकामी होणार होती. त्यांनीच शहरातल्या लॅबला फोन करून हिचं नाव सांगितलं. ते शहर तसं फार मोठं नव्हतं. ना धड मोठं, ना धड लहान. उंच इमारती होत्या, पण मोजक्या. सिग्नल होते, पण ते पाळायचे की नाही हे लोकांचं अजून ठरायचं होतं. मागच्या आठवड्यात ती तिथे एक दिवस काम करून दाखवायला गेली होती. जाताना उड्या मारत गेली होती. तेव्हा मास्तरच कुरकुरत होते, “बघ बाई, तुझं तू ठरव.” ती परत आली ती गप्प होऊन. आणि ती गप्प झाल्यापासून मास्तरांना मात्र शहराचा उमाळा आला होता.

“तिथे दवाखाने किती आहेत बघ,” मास्तर आता म्हणाले. “रस्ते रुंद. बागा आहेत. नळाला पाणी दिवसभर.”

“त्यांनी दाखवलेलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.”

“लिफ्ट आहे.”

“बंद होती. मी चढून गेले ना, मला माहितेय.”

“एक दिवस बंद असेल.”

“पाटी गंजली होती हो, ‘लिफ्ट बंद आहे’ची. बाबांच्या गुडघ्यांचं काय? त्यांना तिथे कोंडून घालायचं? इथे ते चौकापर्यंत जातात, चार माणसं भेटतात.”

“तेच म्हणतोय मी! बाबांना मोठं हॉस्पिटल जवळ पडेल.”

“बाबांना करमणार नाही.”

“बाबांना करमेल.”

“तुम्ही विचारलंय त्यांना?”

“तू विचारलंयस?”

बाहेरच्या खोलीत पेपर फडफडला. मग घडी घातल्याचा आवाज आला. मग काठीचा. सासरे दारात येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवलेला.

“चालू द्या, चालू द्या,” ते म्हणाले. “माझं काय होणार ते ऐकायची मलाही उत्सुकता आहे.”

“बाबा, तसं नाही...” ती म्हणाली.

“तसंच आहे. मघापासून माझे गुडघे तुमच्या दोघांच्या मध्ये चेंडूसारखे फिरतायत. एक म्हणतो तिकडे टाक, दुसरी म्हणते इकडे. सूनबाई, मला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेव, गॅलरीत खुर्ची दे, पेपर दे. खालून जाणाऱ्यांना नावं ठेवत बसेन. इथेही तेच करतो. माझ्या नावावर काही खपवू नका.”

“कोण खपवतंय?” मास्तर म्हणाले.

“तू तर बोलूच नकोस. पुढच्या महिन्याच्या शिकवण्या घेतल्यास ना काल? कोपऱ्यावरच्या शिंपिणीला शब्द दिलास, मी इथेच बसलो होतो. तिला काय लॅबमध्ये नेऊन गाडी शिकवणार आहेस?”

“ते बघू हो. ते काय, नंतर सांगता येतं.” मास्तरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता हातातच धरला. “प्रश्न हिचा आहे. नोकरी हिला आलीय. माझ्याकडून कसलीच आडकाठी नाही. उद्या कुणी म्हणायला नको, नवऱ्याने अडवलं.”

“म्हणतंय कोण?” सासरे म्हणाले.

“म्हणतील.”

सासरे स्टूल ओढून बसले. गुडघे धरून, सावकाश. “सूनबाई, कप ठेव खाली. त्याचा रंग जाईल. काय झालं तिथे?”

“कुठे?”

“मी म्हातारा आहे, खुळा नाही. जाताना गुणगुणत गेलीस, आलीस ती तोंड मिटून. काही बोलले का ते लोक?”

तिने कप उपडा घातला. हात पुसले. पदराला नाही, फडक्याला, मग पुन्हा पदराला. 

“बोलले नाहीत काही. फार चांगली माणसं आहेत.”

“मग?”

“मोठा हॉल आहे. ओळीने टेबलं. एक जण नुसते साचे ओततो. एक जण नुसतं मेण. एक नुसती घासून चकचकीत करते. मधल्या टेबलावर दात बसवायचे, ते माझं. पलीकडून डबी येते, आपण आपलं करायचं नि पुढे सरकवायची. मी पहिली डबी उघडली आणि शेजारच्या मुलीला विचारलं, हे कुणाचं गं? ती म्हणाली, अठ्ठेचाळीसचं. मी म्हटलं, अगं बाई, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सगळे दात गेले? ती माझ्याकडे बघतच राहिली. अठ्ठेचाळीस हा डबीचा नंबर होता.”

सासऱ्यांना हसू आलं. मास्तरांनाही आलं. तिलाही आलं असतं, पण पुढचं सांगायचं होतं.

“पुरुष की बाई ते माहीत नाही. फोटो नाही. मोजायला लावायला समोर कुणी नाही. मी म्हटलं, जबडा तर आहे, चला. बसवत गेले. बाबा, झाल्यावर बघितलं तर... तुमचा दात.”

“माझा?”

“वरचा, डावीकडचा. तसाच आत वळवलेला. मी नाही हो वळवला. म्हणजे मीच, पण मला पत्ताच नाही. समोर माणूस नाही म्हटल्यावर हातांनी आपलं पहिलं माणूस काढलं.”

“म्हणजे माझा दात आता कुणातरी परक्या बाईच्या तोंडात?” सासरे काठीवर वाकून हसायला लागले. “तिचा नवरा काय म्हणेल गं! म्हणेल, हसताना तू मला एका रिटायर्ड टपालवाल्यासारखी दिसतेस!”

“बाबा!” मास्तर हसून डोळे पुसत होते. “आणि या एका दातापायी तू आठवडाभर तोंड पाडून बसलीस? अगं, रागावल्या का त्या बाई?”

“रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.”

हसणं थांबलं.

“त्यांनी सुरी गरम केली. इतका सुंदर हात आहे त्यांचा, बघत राहावं. एका झटक्यात दात सरळ केला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, होईल सवय.”

“बरोबरच आहे,” मास्तर म्हणाले. “नवीन जागा, होईल सवय.”

“झाली ना! तेच तर सांगतेय!” तिचा आवाज एकदम चढला, आणि चढल्यावर चिरकला. “दुसरी डबी आली. मी सगळे दात सरळ बसवले. एकसारखे, ओळीत, मोत्यासारखे. हात अडले नाहीत. मी वाट बघत होते, आता अडतील, आता अडतील. नाही अडले. तिसरी त्याहून पटकन झाली. बाईंनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. आणि मला बरं वाटलं. समजतंय का तुम्हाला? मला छान वाटलं! परतीच्या बसमध्ये बसले आणि मग लक्षात आलं. एवढ्या वर्षांचं सगळं एका दुपारी गेलं. एका दुपारी! वर्षभर तिथे बसले तर मी कोण राहीन? इथे मी बाजारात गेले की लोक हसतात माझ्याकडे बघून, आणि प्रत्येकाचं हसणं मला ठाऊक असतं. तिथे नंबर पुढे सरकवायचा. आणि वाईट म्हणजे, मला ते जमतं.”

 बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मास्तरांचा पाय जमिनीवर दाबलेलाच होता.

“मग नको जाऊ,” मास्तर हळूच म्हणाले. अगदी हळू. आणि लगेच, जरा घाईने, “म्हणजे तुझं तू ठरव. मी तर तयारच आहे.”

“इथे काय करशील?” सासऱ्यांनी तिला विचारलं.

“तेही येतंच ना डोक्यात. टेबल जाणार. घरी बसून कुणाचे दात करू? डॉक्टर नाही तर माप कोण घेणार?” तिने ओट्याला टेकून डोळे मिटले. “इथे राहून हात विसरायचे, की तिथे जाऊन विसरायचे, एवढंच उरलंय.”

“एक सांग. इथल्या लोकांनी आता दात कुठे करायचे?”

“शहरातच जावं लागेल.”

“म्हणजे कोपऱ्यावरच्या हेडमास्तरांचा जबडा डबीत पडून त्याच हॉलमध्ये येणार.”

तिने डोळे उघडले.

“त्या डबीवर नाव नसेल,” सासरे म्हणाले. “पण तुला ओळखू येईल का?”

“हेडमास्तरांचा? झोपेत ओळखीन. खालच्या जबड्याला उजवीकडे उंचवटा आहे.”

“झालं तर मग. मी काही सांगत नाहीये हो. मी आपलं विचारलं.” आणि त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, म्हणजे त्यांच्यापुरता विषय संपला.

ती काही म्हणणार तोच फोन वाजला. बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर ठेवलेला. तिघेही त्या दिशेला बघत राहिले. फोन टीव्हीच्या डोक्यावर थरथरत होता.

“घे ना,” मास्तर म्हणाले.

“घेते.”

“बंद होईल.”

“घेते म्हटलं ना!”

तिने हात पदराला पुसले. फोन कानाला लावून हॅलो म्हणताना आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“हो, मीच... हो, झाला विचार... नाही, म्हणजे, एक विचारायचं होतं. विचारू?” ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “डबीबरोबर माणसाचा जुना फोटो मागवता येईल का? ... हो, दातांचाच. म्हणजे हसतानाचा. ... नाही पाठवत? ... नाही, सगळ्यांचा कसा मिळेल, ते कळतंय मला. पण मी मागितला तर? मीच फोन करीन दवाखान्यांना, जेवणाच्या सुट्टीत करीन, तुमच्या कामाचा वेळ नाही घालवणार. ... दहातला एकच पाठवेल? चालेल. एक तर एक.”

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ती मान हलवत ऐकत होती, जणू बाईंना दिसतंय. मग तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं. तो हसत होता. प्रोत्साहन देताना हसतात तसं, आरशासमोर तयार केल्यासारखं.

“मग येते,” ती म्हणाली. “हो. नक्की. एक तारखेपासून येते.”

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. आनंद वगैरे काही झाला नव्हता.  आपण काय बोलून बसलो, हे तिचं तिलाच नीट ऐकू आलं नव्हतं.  

“ऐकलंत ना? हो म्हटलं मी.”

“ऐकलं,” मास्तर म्हणाले.

“दहातला एक फोटो मिळेल म्हणाल्या. मिळतो की नाही कुणास ठाऊक. पण वेळेत काम झालं तर त्यांची ना नाही.”

“चांगलं झालं.”

“एक तारीख म्हणजे दिवस फार नाहीत. घराचं बघायला हवं. शिंपिणीला सांगून टाका आजच, ती बिचारी वाट बघत बसेल. आणि बागेजवळ ती गाडी शिकवणारी शाळा आहे म्हणालात, तिथे बोलणं झालंय ना तुमचं?”

मास्तरांनी चौकटीवरच्या रंगाला नख लावलं.

“अहो, झालंय ना? परवा म्हणालात, फोन करतो.”

“करायचा होता.”

“म्हणजे केला नाहीत?”

“त्या शहराचे रस्ते मला...” मास्तरांनी वाक्य सुरू केलं आणि दाराच्या चौकटीवर नखाने रंग खरवडत राहिले. “इथला एकन् एक खड्डा मला पाठ आहे. शिकाऊ माणूस कुठे घाबरणार ते मला आधी कळतं. तिथे मलाच कळणार नाही कुठे वळायचं.”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. कदाचित त्या आठवड्यात पहिल्यांदाच. त्याच्या हातातला ग्लास, खरवडलेला रंग, इथेही जमिनीवर दाबलेला पाय. आणि तिच्या लक्षात आलं, की हा रोज इतक्या जोरात ‘चल, चल’ म्हणत होता, तो तिच्या ‘नाही’च्या भरवशावर. ती अडून होती तोवर त्याला तयार राहणं सोपं होतं.

तिला राग आला. मग कीव आली. मग पुन्हा भीतीच आली, आणि ही भीती मघापेक्षा मोठी होती, कारण आता ती एकट्या तिची नव्हती.

“मास्तर,” ती म्हणाली. एरवी ती त्यांना गावासारखं मास्तर म्हणायची नाही. “मी जाणार आहे. ते झालं. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, ना अडवलं म्हणून, ना अडवलं नाही म्हणून. ते सोडा. मला एवढंच सांगा, तुम्ही येताय का?”

आत सासऱ्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला. 

“लगेच नाही तर नंतर,” ती म्हणाली. “महिन्याने. वर्षाने. माझं काही म्हणणं नाही. पण येताय का?”

मास्तरांनी ग्लास टीव्हीवर ठेवला. खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली, परत खिळ्यावर अडकवली. मग दारातल्या चपला पायात सरकवल्या. घाईत डावी उजव्या पायात गेली, तरी ते थांबून नीट करत बसले नाहीत.

“अहो...”

ते दार ढकलून तसेच बाहेर पडले, शिंपिणीच्या कोपऱ्याकडे.